गाडीत सबवूफर आणि अ‍ॅम्प्लिफायर बसवताना

गाडीत दोन सबवूफर (खालचे, जाड सूर वाजवणारे मोठे स्पीकर, थोडक्यात सब) आणि त्यांना ताकद देणारा एक अ‍ॅम्प्लिफायर (थोडक्यात अ‍ॅम्प) बसवण्याचं काम एकदाचं पुरं झालं. सुरुवात जानेवारीत केली होती, शेवटचा स्क्रू एप्रिल संपता संपता आवळला. प्रत्यक्ष हात चालले ते थोडेच शनिवार-रविवार. बाकीचा वेळ वाट बघण्यात गेला, आधी उत्तरांची, मग वायरची, मग खोक्याची. या काळात खूप वाचलं. कोणता सब घ्यावा यावर हवं तेवढं सापडतं, पण बॅटरीपासून डिकीपर्यंत वायर कशी न्यायची, अर्थिंग, म्हणजे गाडीच्या पत्र्याला करायची परतीची जोडणी, कुठे घ्यायचं, गेनचं बटण किती फिरवायचं, हे सलग फार कमी ठिकाणी मिळतं. मी इलेक्ट्रिशियन नाही. मल्टिमीटर वापरता येतो आणि पाना हातात घ्यायची भीती वाटत नाही, एवढ्या भांडवलावर सुरू केलं. माझ्यासारखं कुणी अडून बसलं असेल तर त्यांच्यासाठी जसं घडलं तसं लिहिते आहे.

कंपनीच्या स्टिरिओबद्दल माझी तक्रार नव्हती. दारांमधले साडेसहा इंची स्पीकर स्वच्छ वाजतात. पण चार तारांच्या बास गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झला (सेकंदाला ४१ कंपनं) बोलते, आणि तिथवर पोचेपर्यंत त्या स्पीकरांचा दम संपलेला असतो. आवाज वाढवावा तर दाराचा पत्रा थरथरतो आणि गाणाऱ्याचा गळाही गढूळ होतो. मला रस्ता हादरवायचा नव्हता. डग्ग्याचा घुमारा आणि बासचा सूर गाडीत नीट ऐकू यावा, एवढीच इच्छा होती. ती आधीच कागदावर लिहून ठेवली हे बरं झालं, कारण पुढे खरेदीच्या वेळी प्रत्येक जण आणखी मोठं काहीतरी पुढे करत होता.

पैसे खर्च करण्याआधी दोन ठिकाणी विचारून घेतलं. गाडीची वॉरंटी शिल्लक होती, म्हणून वॉरंटीच्या पुस्तिकेतलं इलेक्ट्रिकल कामाचं कलम वाचलं आणि सर्व्हिस सेंटरला ईमेल केला. फोनवर 'काही होत नाही मॅडम' असं लगेच सांगितलं होतं, पण मला ते लेखी हवं होतं. आठवण करावी लागली, तेव्हा उत्तर आलं. बाहेरून जोडलेल्या वायरिंगमुळे बिघाड झाला तर तो भाग वॉरंटीत येणार नाही, बाकी वॉरंटी चालू राहील, आणि कंपनीच्या मूळ वायर कापू नयेत. तुमच्या गाडीला हेच लागू असेल असं नाही, म्हणून तुमचं उत्तर तुम्हीच मागवा. दुसरी चौकशी विम्याची. नंतर बसवलेल्या सामानाची पॉलिसीत वेगळी नोंद करावी लागत होती, आणि त्यासाठी मॉडेल व सिरियल नंबर असलेली बिलं, शिवाय बसवल्यानंतरचे फोटो लागणार होते. हे आधी कळल्यामुळे प्रत्येक खरेदीच्या वेळी सिरियल नंबर बिलावर लिहून घेतला. खोकी फेकून दिल्यावर ही धावपळ फार होते.

सामान निवडण्यात सगळा फेब्रुवारी गेला. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला वॅटचा आकडा बहुतेक वेळा पीकचा असतो, म्हणजे क्षणभर सोसेल तो. बघायचा तो आरएमएस आकडा, म्हणजे सतत पेलेल ती ताकद. मी १० इंची दोन सब घेतले, प्रत्येकी २५० वॅट आरएमएस, ४ ओहमचा (ओहम हे विजेला होणाऱ्या रोधाचं माप) एकेरी कॉइल, म्हणजे आतलं तारेचं वेटोळं. दोन्ही समांतर जोडले की भार २ ओहम होतो, एकापुढे एक जोडले तर ८. त्यामुळे अ‍ॅम्प असा शोधला जो २ ओहमला ५०० वॅट आरएमएस देतो आणि २ ओहमवर चालायला बनवलेला आहे. हा हिशोब सब घेण्याआधी करायचा असतो. सब आणि अ‍ॅम्प वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या सवलतींत घेतले की ओहमचं गणित जमेलच याची खात्री राहत नाही. दुहेरी कॉइलचे सब असतील तर जोडण्याचे पर्याय वाढतात, उदाहरणार्थ ४ अधिक ४ ओहमच्या दोन सबचे चारही कॉइल समांतर जोडले तर भार १ ओहमवर येतो, आणि तो प्रत्येक अ‍ॅम्पला झेपत नाही.

अ‍ॅम्प क्लास डी प्रकारचा घेतला. एबी प्रकारच्या अ‍ॅम्पमध्ये बॅटरीतून घेतलेल्या विजेतला मोठा हिस्सा उष्णतेत जातो, डी प्रकारात साधारण ८० टक्के किंवा त्याहून जास्त वीज स्पीकरपर्यंत पोचते. ८० टक्के धरले तरी ५०० वॅटसाठी बॅटरीकडून सुमारे ६२५ वॅट लागतात, आणि १३.८ व्होल्टला तो प्रवाह जवळपास ४५ अँपिअर होतो. गाणं काही सतत एवढं खेचत नाही, पण वायर आणि फ्यूज याच आकड्यावर ठरवायचे.

वायरच्या बाबतीत मात्र थांबून बघा. मागवलेल्या वायरच्या किटवर ४ गेज (वायरच्या जाडीचं माप, आकडा लहान तितकी वायर जाड) लिहिलं होतं. वायर हातात घेतली तर जाडीच्या मानाने हलकी लागली. टोकाला थोडं आवरण सोलून एक बारीक तार बाजूला काढली आणि ब्लेडने हलकेच खरवडली. वरचा तांबूस रंग निघून आत चंदेरी धातू दिसला. म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. अशी वायर वाईटच असते असं नाही, पण अ‍ॅल्युमिनियमची वहनक्षमता तांब्याच्या साधारण ६० टक्के असते, त्यामुळे तेवढ्याच प्रवाहासाठी ती दोन गेज जाड घ्यावी लागते. शिवाय रबराचं आवरण इतकं जाड होतं की आतली धातूची जाडी ४ गेजच्या जवळपासही नव्हती. ४ गेज म्हणजे सुमारे २१ चौरस मिलिमीटर, हा आकडा लक्षात ठेवा. किट परत केलं, पैसे यायला वेळ लागला, आणि शुद्ध तांब्याची वायर सुटी मागवली. तिला किटच्या दुपटीहून जास्त पैसे पडले. त्या खर्चाचं मला अजिबात वाईट वाटत नाही. पाच मीटर तांब्याच्या ४ गेज वायरमध्ये ४५ अँपिअरला जेमतेम ०.२ व्होल्ट हरवतात.

वायर येईपर्यंत खोक्याचं काम दिलं. सब नुसता डिकीत ठेवून वाजत नाही, त्याच्या मागची हवा पुढच्या हवेपासून तोडावी लागते, आणि ती किती जागेत कोंडायची यावर आवाजाचा पोत ठरतो. मी बंद खोका निवडला. छिद्राचा, म्हणजे पोर्टवाला खोका त्याच ताकदीत जास्त दणका देतो, पण तो मोठा लागतो आणि पोर्टच्या सुराखाली त्याचा आवाज दर ऑक्टेव्हला, म्हणजे हर्ट्झचा आकडा निम्मा झाला की, २४ डेसिबलने कोसळतो. बंद खोक्यात ही उतरण १२ डेसिबलची, आणि गाडीची बंद केबिन स्वतःच अगदी खालच्या सुरांना उचल देते, त्यामुळे ती उतरण बरीचशी भरून निघते. घरात जो छोटा बंद खोका कोरडा वाटेल, तो गाडीत भरीव वाजतो तो यामुळे.

माझ्या सबच्या माहितीपत्रकात प्रत्येकी २० लिटर जागा सांगितली होती. आतलं माप ३० बाय ३० बाय २४ सेंटिमीटर धरलं की २१.६ लिटर होतात, त्यातून सबचा चुंबक आणि सांगाडा जी जागा खातो ती वजा केली की बरोबर बसतं. १८ मिलिमीटरचा एमडीएफ वापरून असे दोन कप्पे शेजारी शेजारी, बाहेरून लांबी ६५ सेंटिमीटरच्या जराशी वर. डिकीत पुठ्ठ्याचं मॉडेल करून ठेवून पाहिलं, स्टेपनी काढता येते ना, मागच्या सीटची पाठ पडते ना, हेही बघितलं.

सुतारकाकांनी नकाशा बघून विचारलं, "ताई, मधली फळी कशाला? तेवढंच लाकूड वाचेल."

"काका, एक सब उद्या बिघडला तर दुसऱ्याची हवा मोकळी व्हायला नको."

त्यांनी मान डोलावली, आणि मग स्वतःच सुचवलं की प्रत्येक सांध्याला फेविकॉलबरोबर आतून सिलिकोनही भरू. पंधरवडाभरात होईल म्हणाले, झाला महिना. पण खोका इतका घट्ट झाला की सब बसवून त्याचा कोन (पुढचा हलणारा पडदा) हाताने हलकेच दाबला तर तो सावकाश परत वर येतो. हवा कुठून निसटत नसल्याची ती साधी खूण आहे. सिलिकोनचा वास पूर्ण जाईपर्यंत सब बसवू नका, काही सिलिकोनची वाफ सबच्या डिंकाला आणि रबराला मानवत नाही.

वायर ओढण्याचा शनिवार मला सगळ्यात अवघड वाटत होता. आदल्या रात्री झोप नीट लागली नाही, खरंच. सकाळी धाकट्या भावाला बोलावलं, कारण वायर एकाने ढकलायची आणि दुसऱ्याने आतून पकडायची असते. पहिलं काम बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढणं. त्याआधी स्टिरिओला कोड लागतो का ते बघून ठेवा आणि घड्याळ, काचांचं ऑटो सेटिंग पुन्हा करावं लागेल हे धरून चाला. मग बॉनेटच्या बाजूने केबिनमध्ये शिरायची वाट शोधली. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यात कंपनीची वायरिंग जिथून जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेत बसणारी रबराची कडी) असतो, आणि आमच्या नशिबाने त्याला एक न वापरलेली बोंडी होती. तिचं टोक कापून, कडक तारेला वायर चिकटपट्टीने बांधून आत ढकलली. नवं भोक पाडावं लागलं तर पलीकडे काय आहे ते दोन्ही बाजूंनी बघितल्याशिवाय ड्रिल लावू नका, आणि भोकाला ग्रोमेट घातल्याशिवाय वायर नेऊ नका. पत्र्याची कड काही महिन्यांत आवरण कापते, आणि त्या वायरच्या दुसऱ्या टोकाला शेकडो अँपिअर देऊ शकणारी बॅटरी असते.

म्हणूनच मुख्य फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. हा फ्यूज वायरसाठी आहे. अ‍ॅम्पला त्याचे स्वतःचे फ्यूज असतात, माझ्या अ‍ॅम्पला ३० अँपिअरचे दोन, म्हणून मी बॅटरीजवळ ६० चा घातला. सगळं जोडून होईपर्यंत फ्यूज धारकात घातलाच नाही, खिशात ठेवला.

केबिनमध्ये दाराखालच्या प्लास्टिकच्या पट्ट्या क्लिपवर असतात, प्लास्टिकच्या चपट्या पट्टीने उचकटल्या की निघतात. त्यांच्याखालून वायर डिकीपर्यंत गेली. वाटेत पिवळ्या आवरणाच्या वायर किंवा पिवळे कनेक्टर दिसले की हात आखडता घ्यायचा, ते एअरबॅगचे आहेत, त्यांना टेस्टरही लावायचा नाही. पॉवरची वायर आम्ही डाव्या बाजूने नेली आणि सिग्नलची उजव्या बाजूने. दोन्ही शेजारून नेल्या तर इंजिनच्या आरपीएमबरोबर चढणारी शिट्टी स्पीकरमध्ये येण्याचा धोका वाढतो.

अर्थिंगला आम्ही जवळजवळ अख्खी दुपार दिली, आणि पुन्हा करायचं झालं तरी तेवढाच वेळ देईन. अ‍ॅम्पपासून हातभर अंतरात डिकीच्या तळाला कंपनीचाच एक बोल्ट होता, थेट चॅसिसच्या जाड पत्र्यात गेलेला. सीटचे किंवा सीटबेल्टचे बोल्ट वापरायचे नाहीत हे आधीच ठरवलं होतं. बोल्टभोवतीचा रंग पॉलिश पेपरने घासत गेलो. आधी रंगाची पूड, मग खालचा राखाडी प्रायमर, आणि त्याच्याही खाली चकचकीत पांढरा पत्रा, लगच्या (वायरच्या टोकाला बसणाऱ्या धातूच्या कडीच्या) गोलाएवढा. प्रायमर हाच फसवतो, तो धातूसारखा दिसतो पण वीज नेत नाही. लग, दातेरी वॉशर, बोल्ट, आणि आवळल्यावर उघड्या पत्र्यावर गंज लागू नये म्हणून वरून रंगाचा हात. अर्थची वायरही ४ गेजचीच, पॉवरच्या वायरइतकीच जाड. मग मल्टिमीटरने अर्थच्या टोकापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत रोध मोजला, मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोध वजा केल्यावर जवळजवळ शून्य. लग मात्र मी स्वतः दाबले नाहीत. पकडीने दाबलेला जाड लग ओढला की निसटतो, बॅटरीचं काम करणाऱ्यांकडे त्याचं दाबयंत्र असतं, तिथे काही मिनिटांत होतं.

नव्या गाड्यांपैकी अनेकांत बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर असतो. अर्थ तिथे थेट टर्मिनलवर जोडली तर सेन्सरला अ‍ॅम्पने खेचलेला प्रवाह दिसतच नाही आणि चार्जिंगचं गणित चुकतं. चॅसिसवर घेतली की हा प्रश्न येत नाही.

सिग्नलचं काम दुसऱ्या दिवशी. कंपनीच्या स्टिरिओला आरसीएचे पिन, म्हणजे अ‍ॅम्पला सिग्नल देणारे जोड, नव्हते. अशा वेळी लाइन आउटपुट कन्व्हर्टर (स्पीकरचा सिग्नल अ‍ॅम्पला चालेल असा करणारी डबी) लावतात किंवा स्पीकरच्या वायरीतूनच सिग्नल घेणारा, हाय-लेव्हल इनपुटचा अ‍ॅम्प घेतात. मी दुसरा मार्ग घेतला. स्टिरिओच्या मागे मूळ सॉकेट आणि प्लग यांच्यामध्ये बसणारा जोड-हार्नेस मिळतो, त्यातून मागच्या स्पीकरचा सिग्नल घेतला, कंपनीची एकही वायर कापली नाही. हा अ‍ॅम्प सिग्नल आला की आपोआप चालू होतो. बाहेरचा स्टिरिओ असेल तर त्याच्या मागे निळी-पांढरी रिमोट वायर (अ‍ॅम्पला चालू-बंद व्हायला सांगणारी) असते, ती अ‍ॅम्पच्या रिमोटला जोडायची. रिमोटला कायमचे १२ व्होल्ट देऊ नका, अ‍ॅम्प रात्रभर चालू राहून बॅटरी उतरते.

सगळं पुन्हा एकदा तपासून निगेटिव्ह टर्मिनल जोडलं आणि शेवटी खिशातला फ्यूज धारकात बसवला. भाऊ डिकीपाशी, मी चालकाच्या सीटवर. "ताई, हिरवा दिवा लागला!" तो ओरडला तेव्हा माझे हात थंडगार होते. इंजिन चालू केलं, आरपीएम वर-खाली केले, कान लावून बसले. शिट्टी नाही, गुणगुण नाही.

यानंतर लगेच गाणं लावून गेन फिरवत बसायचा मोह होतो, तो आवरा. गेन हे आवाजाचं बटण नाही. स्टिरिओकडून येणारा सिग्नल आणि अ‍ॅम्पची पूर्ण ताकद यांची सांगड घालायला ते असतं. जास्त फिरवलं तर लहरींचे माथे कापले जातात, त्याला क्लिपिंग म्हणतात, आणि त्यात सबच्या कॉइलला झेपेल त्याहून जास्त उष्णता होऊन तो जळतो. मी मोजून केलं. सबच्या वायर काढून ठेवल्या, स्टिरिओचे बास-ट्रेबल सपाट, बास बूस्ट बंद, पेनड्राइव्हवर ५० हर्ट्झचा शून्य डेसिबलचा (म्हणजे फाइलमध्ये बसेल तितका मोठा) टोन, स्टिरिओचा आवाज पाऊणवर. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून अ‍ॅम्पच्या आउटपुटला लावला. वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ म्हणजे हवे तेवढे व्होल्ट. ५०० गुणिले २ म्हणजे १०००, वर्गमूळ ३१.६. गेन शून्यावरून अगदी सावकाश वाढवत त्या आकड्याला पोचायचं, त्यापुढे जायचं नाही.

मग सब जोडून ऐकलं, आणि कानाला जड वाटलं म्हणून २५ व्होल्टपर्यंत खाली आणलं. ताकद ३१२ वॅटवर आली, पण ऐकताना फरक जेमतेम २ डेसिबलचा. वॅटच्या मागे धावण्यात फार अर्थ नाही हे मला या एका मोजणीने पटलं.

लो पास फिल्टर, म्हणजे ठरवलेल्या आकड्याच्या वरचे सूर सबला जाऊ न देणारा, ८० हर्ट्झला ठेवला. या सुराची लहर ४ मीटरहून लांब असते, इतक्या लांब लहरीची दिशा कानाला कळत नाही, म्हणून सब डिकीत असूनही बास समोरून आल्यासारखा वाटतो. फिल्टर १२० वर नेला तर आवाज पाठीमागून येऊ लागतो, करून बघा. पुढच्या दारांतल्या स्पीकरना खालचं ओझं नको म्हणून प्रत्येकाला सुमारे ४०० मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर मालिकेत जोडला, ४ ओहमच्या स्पीकरचा आवाज त्याने १०० हर्ट्झच्या खाली हळूहळू उतरतो. गाणाऱ्याचा गळा मोकळा झाला तो इथे. शेवटी फेजचं बटण, ते सबची लहर सुलटी की उलटी ते ठरवतं. चालकाच्या सीटवर बसून शून्य आणि १८० दोन्ही ऐकले, १८० वर बास भरला, तेच ठेवलं. हे प्रत्येक गाडीत वेगळं असतं आणि दुसऱ्याच्या गाडीवरून ठरत नाही.

बास आला तशी खडखडही आली. नंबर प्लेट, मागची ट्रे, डिकीच्या झाकणातली कुलपाची सळई. ३० ते ८० हर्ट्झपर्यंत चढत जाणारा टोन लावून भाऊ एकेक पत्रा हाताने दाबत गेला, हात ठेवल्यावर आवाज थांबला की जागा सापडली. डिकीच्या झाकणाला आतून ब्यूटिलच्या (चिकट रबराच्या) शीट रोलरने दाबून लावल्या, नंबर प्लेटमागे फोम, सळईला कापडी टेप. सगळा पत्रा झाकायची गरज नाही, थरथरणाऱ्या भागाच्या मध्यावर लावलेला तुकडाही पुष्कळ काम करतो.

खर्चाचा हिशोब मांडला तेव्हा सब आणि अ‍ॅम्प मिळून निम्म्याहून थोडा जास्त निघाला. बाकी वायर, फ्यूज, खोका, हार्नेस आणि शीट. बजेट ठरवताना सब-अ‍ॅम्पच्या किमतीवर जवळजवळ तेवढेच आणखी धरा, म्हणजे ऐनवेळी वायरवर काटकसर होणार नाही.

रात्री हेडलाइट, एसी सगळं चालू ठेवून जोरात वाजवून पाहिलं. अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर १४ च्या वर असलेले व्होल्ट ठोक्याला १३.६ पर्यंत उतरतात, दिवे मंदावत नाहीत. तुमचे मंदावत असतील तर आधी अर्थ आणि बॅटरीची तब्येत तपासा. मोठा कपॅसिटर लावून अल्टरनेटरची कमतरता भरून निघत नाही.

विम्यासाठी बिलं आणि फोटो पाठवले, नोंदीचं पत्र काही दिवसांनी आलं, हप्ता किंचित वाढला. मधे गाडी खडबडीत रस्त्यावरून बरीच फिरली, म्हणून अर्थचा बोल्ट आणि अ‍ॅम्पचे टर्मिनल पुन्हा आवळून बघितले. अ‍ॅम्पचा एक स्क्रू पाव फेरा आत गेला, तेव्हा हे महिन्याभराने एकदा कराच. वायरची वाट, फ्यूजची जागा, गेन आणि फिल्टरचे आकडे एका कागदावर लिहून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवले आहेत, सर्व्हिसिंगला गाडी देताना तो कागद मेकॅनिकच्या हातात देते आणि मुख्य फ्यूज कुठे आहे ते बॉनेट उघडून दाखवते.